बेपत्ता यंत्राचा फैसला

घरातून गेलेला माणूस परत आला नाही, त्याची खबरबातही नाही. त्याला मेलेला कधी मानायचं? फिक्हमध्ये अशा माणसाला 'मफ्कूद' म्हणतात. जुनं हनफी मत असं की त्याच्या गावातली, त्याच्या वयाची माणसं संपेपर्यंत थांबावं. काही फकीहांनी त्यासाठी नव्वद वर्षांचं वय धरलं. मालिकी मजहबनं मात्र वाट पाहणाऱ्या बायकोसाठी चार वर्षांची मुदत दिली. १९३० च्या दशकात मौलाना अशरफ अली थानवींनी स्वतः हनफी असूनही या बाबतीत मालिकी मत उचलून धरलं. पुढं १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात तीच चार वर्षं आली.

हनफी फिक्हमध्ये मफ्कूदबद्दल आणखी एक बारीक नियम आहे. तो स्वतःच्या मालाबाबत जिवंत आणि दुसऱ्याच्या वारशाबाबत मेलेला समजला जातो. त्याचं घर-शेत कुणी वाटून घ्यायचं नाही. पण त्याचा बाप वारला तर त्याचा हिस्सा नुसता बाजूला राखून ठेवतात, आणि मृत्यूचा फैसला झाला की तो बाकीच्या वारसांकडे जातो.

गेले काही महिने मी कारखान्यांतल्या जुन्या संगणकांचा इतिहास वाचतोय आणि हे दोन्ही नियम सारखे आठवतात. हे संगणक टेबलावरचे नव्हेत. प्रेस, भट्टी, सिग्नल, पंप अशा यंत्रांच्या पोटात बसवलेले, पडदा नसलेले, धूळ खात चालणारे. यंत्र तीस-चाळीस वर्षं टिकतं. त्याच्या पोटातली ऑपरेटिंग सिस्टिम पाच-दहा वर्षांत म्हातारी होते. या दोन वयांतली दरी कुणी भरायची, हा साधा वाटणारा प्रश्न गेली पस्तीस वर्षं सुटलेला नाही.

लिनक्सचंच पाहा. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सनं ते लिहायला घेतलं ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर. हा प्रोसेसर १९८५ चा. घराघरांतून तो लवकरच गेला, पण औद्योगिक गिऱ्हाइकांसाठी इंटेल तो २००७ पर्यंत बनवत होती. बावीस वर्षं! दुकानात ज्याला भंगार म्हणत होते त्याची कारखान्यात नवीकोरी खरेदी चालू होती. आणि २०१२ च्या डिसेंबरात इंगो मोल्नार यांनी लिनक्सच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नेलमधून, ३८६ चा आधार काढून टाकला. टोरवाल्ड्सनं ते लगेच स्वीकारलं आणि आपण याबाबत हळवे नाही असंही सांगितलं. ज्या यंत्रावर जन्म झाला तेच ३.८ या आवृत्तीपासून परकं झालं.

हा कृतघ्नपणा होता का? मला तसं वाटत नाही. मेमरीतली किंमत तपासायची आणि मध्ये कुणाला हात घालू न देता त्याच दमात ती बदलायची, अशी एक सूचना ४८६ पासूनच्या प्रोसेसरांत आहे. ३८६ मध्ये नाही. शिवाय 'या पानावर लिहू नको' असं सांगितलं तरी ३८६ खुद्द कर्नेलला अडवत नसे. त्यामुळे कर्नेलमध्ये कुणी काही सुधारायला घेतलं की दर वेळी 'आणि ३८६ असेल तर?' म्हणून वेगळी वाट काढावी लागे. हे ओझं वाहणारी माणसं म्हणजे मफ्कूदची बायको. परत येईल न येईल अशा माणसासाठी तिनं जन्म घालवावा, हे थानवींना पटलं नव्हतं. कर्नेलवाल्यांनाही पटलं नाही.

पण दुसरी बाजूही आहे. ३८६ चं मूल असं एक घराणं आजही जिवंत आहे. तैवानची डीएमपी कंपनी व्होर्टेक्स८६ नावाच्या चिप बनवते आणि त्या औद्योगिक संगणकांत बसतात. त्यांतल्या जुन्या व्होर्टेक्स८६एसएक्सला दशांश अपूर्णांकांचं गणित करणारा भागच नाही. ते काम कर्नेलमधला एक जुना तुकडा करून देतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये मोल्नार यांनीच ४८६ आणि सुरुवातीचे काही ५८६ वगळण्याचा प्रस्ताव पाठवला. त्यात हा गणिताचा तुकडाही काढायचा आहे. ४८६ कुणी वापरतं का, असं विचारलं की घरी हौसेनं जपणारे चारजण हात वर करतात. ज्याच्या प्लांटमध्ये खरंच तसलं कार्ड चालतंय त्या फोरमनला असा प्रश्न विचारला जातोय हेच ठाऊक नसतं. तो कर्नेलच्या चर्चा वाचत नाही. त्याचं यंत्र चालतंय, म्हणूनच तो गप्प आहे.

माझा आक्षेप काढून टाकण्याला नाही, या गप्प राहण्याचा अर्थ लावण्याला आहे. काझी मफ्कूदचा फैसला करण्याआधी तपास करतो, जिथं खबर मिळेल तिथं विचारणा करतो. त्या कसोटीवर मला आर्न्ड बर्गमन यांची पद्धत आवडली. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी जुन्या प्लॅटफॉर्मची यादी मांडली आणि जाहीर विचारलं: यातलं कोण अजून जिवंत आहे? पत्राचा मथळा होता प्लेगच्या काळातल्या प्रेतगाडीवाल्याच्या आरोळीचा, विनोद जरा काळाच. काहींनी उत्तरं दिली, त्यांची यंत्रं वाचली. उरलेल्यांपैकी एआरएम प्रोसेसरांच्या अनेक बोर्डांवर पुढं 'वापरात नाही' अशी खूण झाली, मध्ये आणखी मुदत गेली, आणि २०२३ च्या ६.३ आवृत्तीत ते गेले.

मालकी कंपनीच्या दारात एवढीही विचारणा नसते. तिथं मरणाची तारीख आधीच छापलेली. मायक्रोसॉफ्टनं साध्या विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये थांबवला, यंत्रांत बसणाऱ्या एक्सपी एम्बेडेडचा जानेवारी २०१६ मध्ये. आपल्याकडची एटीएम तरीही त्यावर चालत राहिली. शेवटी २१ जून २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं बँकांना टप्पे घालून दिले आणि जून २०१९ पर्यंत सगळी एटीएम बदला असं बजावलं. एटीएमला रिझर्व्ह बँक होती. छपाईयंत्राला किंवा भरतकामाच्या यंत्राला कोण आहे?

आधार संपला म्हणून यंत्र बंद पडत नाही, हे खरं. जुनं कर्नेल आहे तसं चालत राहतं. स्वतःच्या मालाबाबत ते जिवंत. पण नवी दुरुस्ती, नवं संरक्षण त्याच्या वाट्याला येत नाही. वारशाबाबत ते मेलेलं. नेटवर्कला जोडलं नाही तर एक वेळ निभावतं. जोडलं की कसोटी सुरू. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिपच्या बलाढ्य कारखान्यात एक नवं यंत्र जोडताना विषाणू शिरला आणि जुन्या दुरुस्त्या न लावलेल्या विंडोज ७ च्या यंत्रांतून पसरला. त्याची दुरुस्ती आदल्या वर्षीच निघाली होती.

ज्यांना ही दरी परवडण्यासारखी नव्हती त्यांनी वेगळा मार्ग काढला. २०१६ मध्ये सीमेन्स, हिताची, तोशिबा अशा कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म उभा केला. वीजकेंद्रं आणि रेल्वेसाठी ठरावीक कर्नेल किमान दहा वर्षं सांभाळायचं, असा त्यांचा करार. मूळ लिनक्सवाल्यांनी २०१६ चं ४.४ कर्नेल २०२२ मध्ये सोडलं. हे लोक ते जानेवारी २०२७ पर्यंत वाहणार आहेत. मला यात वक्फच्या मुतवल्लीची आठवण येते. मालक तो नव्हे, पण देखभाल आणि हिशेब त्याच्याकडे. फरक इतकाच की इथं मुतवल्लीला पगार देणारे सीमेन्ससारखे धनी आहेत. छोट्या कारखानदाराच्या नावानं असा वक्फ कुणी केलेला नाही.

आणि एक तारीख अशी आहे जी कुणी पुढं ढकलू शकत नाही. ३२ बिटांचे जुने संगणक १९७० पासूनचे सेकंद मोजतात. १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की तो आकडा भरतो आणि पुढच्या सेकंदाला यंत्राला वाटतं, डिसेंबर १९०१ आहे. लिनक्सनं २०२० च्या ५.६ आवृत्तीत यावर इलाज केला. पण तो नव्या कर्नेलमध्ये आहे, आणि जी यंत्रं आधीच वारशातून वगळली गेली त्यांच्यापर्यंत तो आपोआप पोचणार नाही. अशी यंत्रं किती, कुठं, कुणाच्या शेडमध्ये, याची नोंद ठेवणारं दफ्तर नाही. ज्याच्याकडे आहे त्यानं पॅनल उघडून आतल्या कार्डावरचं नाव आणि कर्नेलची आवृत्ती लिहून ठेवली, तर २०३८ च्या आधी विचारणा करायला निदान नाव तरी हाताशी असेल.