भंडारा लोकसभा पोटनिवडणूक, 1954

पहिल्या लोकसभेच्या काळात, मे 1954 मध्ये, भंडारा या द्विसदस्य मतदारसंघात झालेली पोटनिवडणूक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवलेली ही अखेरची निवडणूक होय. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा जुन्या मध्य प्रदेश राज्यात.

पार्श्वभूमी : 1951-52 च्या सार्वत्रिक निवडणुकीत येथे काँग्रेसचे चतुर्भुज जसानी व तुलाराम साखरे निवडून आले. ही निवडणूक न्यायालयात गेली. जसानी ज्या ‘मूलजी सिक्का’ या विडी-पेढीचे भागीदार होते, तिचे केंद्र सरकारला विड्या पुरवण्याचे करार चालू होते. दुसरीकडे, गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेसाठीचा अर्ज, महानुभाव पंथ स्वीकारल्याने ते महार राहिले नाहीत, असे ठरवून फेटाळला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 1954 रोजी जसानी यांना अपात्र मानले आणि ठवरे पंथ स्वीकारूनही महारच राहिले, असा निर्णय दिला; त्यामुळे दोन्ही जागांची निवडणूक रद्द ठरली. निकालपत्र न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिले.

लढत : मतदाराला दोन मते असत; मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे आंबेडकर, तर काँग्रेसतर्फे भाऊराव बोरकर उभे होते. आंबेडकर त्या वेळी राज्यसभेचे सदस्य होते. प्रचारसभांत त्यांनी नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावर कडक टीका केली. दुसरे मत कोणालाही न देता कुजवावे (वाया घालवावे), असा कार्यकर्त्यांचा आग्रह त्यांनी मानला नाही, ही आठवण आंबेडकरी चळवळीत आदराने सांगितली जाते.

निकाल : सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी जिंकली. राखीव जागेवर बोरकर 8,000 हून थोड्या अधिक मतांनी विजयी झाले. बोरकरांच्या निधनानंतर 1955 च्या पोटनिवडणुकीत अनसूयाबाई बोरकर निवडून आल्या.

महत्त्व : राखीव जागेवरही कौल सर्व मतदारांचा असल्याने, दलित समाजाचा प्रतिनिधी नेमका कोण निवडतो, हा पुणे करारापासूनचा प्रश्न या पराभवाने पुन्हा ठळक केला. द्विसदस्य मतदारसंघ 1961 च्या कायद्याने रद्द झाले. सरकारी कंत्राटामुळे येणारी अपात्रता आणि पंथांतरानंतरची जात, या दोन्ही प्रश्नांवर न्यायालये आजही जसानी यांच्या खटल्याचा आधार घेतात.