न विचारलेल्या माणसांचा इतिहास

संततिनियमनाची गोळी आज जगाला ठाऊक आहे. परंतु तिच्या जन्मकथेतील रिओ पिएद्रास हे नाव क्वचितच कोणाच्या कानी पडते. पोर्तो रिको बेटावरील सान हुआनच्या या उपनगरात, गरिबांसाठी उभारलेल्या वसाहतीत, १९५६ साली ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक या अमेरिकी संशोधकांनी गोळीची मोठी चाचणी आरंभिली. रॉक हे स्वतः कॅथलिक. त्यांच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात संततिनियमनास कायद्याची बंदी होती. बेटावर ती नव्हती. दारिद्र्याने गांजलेल्या अनेक मातांना आणखी मूल नको होते. त्या आपण होऊन पुढे आल्या, हे खरे. परंतु गोळी अद्याप प्रयोगावस्थेत आहे, हे त्यांना सांगण्यात आले नाही. सुमारे १७ टक्के स्त्रियांना मळमळ, भोवळ, डोकेदुखी असे त्रास होत असल्याचे तेथील डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळविले. पिंकस यांनी त्या तक्रारी बव्हंशी मनाचे खेळ मानल्या. १९६० साली गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली.

हे त्रास खरे की मनाचे, याचा शोध पुढे टेक्सासमधील सान अँटोनियो येथेही घेण्यात आला. संततिनियमनासाठी दवाखान्यात आलेल्या, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या गरीब स्त्रियांपैकी काहींना नकळत औषधशून्य गोळ्या देण्यात आल्या. सोबत मलम वापरण्याची सूचना होती; तरीही काहींना दिवस गेले. हा प्रयोग १९७१ साली प्रसिद्ध झाला. त्याहूनही भीषण प्रकरण ग्वाटेमालातले. १९४६ ते १९४८ या काळात अमेरिकी डॉक्टरांनी तेथील कैदी, सैनिक आणि मनोरुग्ण यांना हेतुपुरस्सर गुप्तरोगांची लागण केली. इतिहासकार सुसान रिव्हर्बी यांच्या शोधातून ते उजेडात आले आणि २०१० साली अमेरिकेने क्षमा मागितली.

अशा आठवणी घराघरांतून झिरपत राहतात. पण दूर राहण्याचीही किंमत असते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दम्याचे रुग्ण आणि त्यांचे आईवडील यांना एकत्र सामील करून घेतले होते. श्वासनलिका मोकळी करणारे नेहमीचे औषध पोर्तो रिकन रुग्णांना मेक्सिकन रुग्णांपेक्षा कमी लागू पडते, असे त्यातून दिसले. ही कुटुंबे आलीच नसती, तर हा भेद कोणाला कळला असता?

सरकारी खर्चाच्या संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्य यांचा समावेश अमेरिकेने १९९३ साली कायद्याने बंधनकारक केला. परंतु कायद्याने दार उघडत नाही. ते घरातल्या माणसाने उघडावे लागते. २००८ ते २०११ या काळात ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सान दिएगो येथे लातिनो समाजाच्या आरोग्याचा मोठा अभ्यास उभा राहिला. तो औषधचाचणीचा नव्हता. दोन्ही भाषा जाणणारे कार्यकर्ते निवडलेल्या घरी गेले. मुलाखत स्पॅनिश की इंग्रजी, हे ज्याचे त्याने ठरविले. तपासणीचे निष्कर्ष त्याच्या हाती दिले गेले. पुढे दरवर्षी दूरध्वनीवरून विचारपूस झाली. १६,४१५ माणसे सामील झाली. त्यांपैकी अनेकांची मुले पुढे बालकांच्या अभ्यासातही आली.

‘हे लोक संशोधनाला येत नाहीत’ अशी तक्रार अनेक वर्षे ऐकू येई. रिओ पिएद्रासच्या माता तर आल्या होत्या. त्यांना खरे सांगितले गेले नाही. माणसे कशी मिळवावीत, या प्रश्नाचे पहिले उत्तर त्या वसाहतीतच पडून होते. ते उचलायला पन्नास वर्षे लागली.