पदक आणि सनद

जुन्या जपानी लष्करी पदकांचा संग्राहक प्रथम भुलतो तो डबीला. काळ्या लाखेचा रोगण, वर सोनेरी अक्षरे! आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. आम्ही आधी कागद मागतो.

१८९० साली सुरू झालेले ‘सोनेरी घारी’चे पदक घ्या. जिम्मू सम्राटाच्या धनुष्यावर घार येऊन बसली नि तिच्या तेजाने शत्रू दिपले, ही त्यामागची कथा. त्याचे सात वर्ग. पहिला सेनापतीचा, सातवा साध्या शिपायाचा. वर्ग पाहून सालाचा तनखा मिळे. म्हणजे शौर्यालाही पगाराच्या श्रेण्या होत्याच. १९४७ साली पदकच रद्द झाले.

पहिल्या महायुद्धात आपले मराठे शिपाई लढले. त्यांना मिळालेल्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर नाव नि पलटण कोरलेली आहे. जपानी पदकावर बहुधा नाव नसतेच. नाव, हुद्दा, तारीख, क्रमांक हे सारे सनदेवर. व्यापारी पदक एकाला विकतो, सनद दुसऱ्याला, डबी तिसऱ्याला. पुढे कोणी हौशी त्या डबीत भलतेच पदक बसवतो. मग १९०४ साली पोर्ट आर्थरच्या तटाखाली हे पदक कमावणारा शिपाई कोण, कुठल्या गावचा, हे कुणाला विचारावे?