कृत्रिम खुब्याचें बसणें आणि खचणें

नवें घर बांधून झालें कीं पहिल्या एकदोन पावसाळ्यांत त्याचा पाया किंचित् खालीं जातो. जाणता गवंडी अशा वेळीं मालकास धीर देतो, ‘पाया बसला, आतां काळजी नाहीं.’ परंतु तोच पाया पुढें प्रतिवर्षीं थोडाथोडा खालीं जाऊं लागला, तर त्याच गवंड्याच्या तोंडून निराळा शब्द निघतो. तो म्हणतो, ‘पाया खचला.’ क्रिया दोन्ही ठिकाणीं खालीं जाण्याचीच. पहिल्या वर्षाचें अंतरहि कदाचित् सारखेंच. पण एका शब्दांत स्थैर्य आहे, दुसऱ्यांत नाश. हा भेद आमच्या भाषेस पूर्वापार ठाऊक आहे. शस्त्रवैद्यकाच्या एका शाखेस मात्र तो उमगण्यास विसाव्या शतकाचा बराच काळ खर्चावा लागला, आणि त्या विलंबाची किंमत अनेक रुग्णांनीं आपल्या शरीरानें चुकती केली. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाच्या माथ्यावरील गोळा कटीच्या हाडांतील वाटींत फिरतो. आपण नुसतें चालूं लागलों तरी या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पडतो, आणि माणूस वर्षाकाठीं लक्षावधि पावलें टाकतो. म्हणून झिजलेला गोळा कापून त्या जागीं नवा ठेवणें हें अर्धेंच काम आहे. तो नवा गोळा ज्या दांडीवर बसलेला असतो, ती दांडी मांडीच्या हाडाच्या पोकळींत अशी रोवली पाहिजे कीं, त्या अगणित आघातांनीं ती सैल होतां कामा नये. या शास्त्राचा खरा इतिहास म्हणजे या रोवण्याचाच इतिहास होय.

१८९० च्या सुमारास बर्लिन येथें थेमिस्टोक्लेस ग्लुक या शस्त्रवैद्यानें हस्तिदंताचे सांधे घडवून ते रुग्णांच्या शरीरांत बसविले. ते हाडांत घट्ट राहावे म्हणून त्यानें राळ, प्युमिस दगडाची पूड आणि प्लास्टर यांचें मिश्रण वापरलें. कल्पना काळाच्या फार पुढें होती. परंतु ज्या सांध्यांवर त्यानें हात घातला त्यांपैकीं अनेक क्षयानें पोखरलेले होते, आणि रोगजंतूंपुढें त्याचें कौशल्य हतबल ठरलें. पुढें १९३८ सालीं लंडनमध्यें फिलिप वाइल्स यानें पोलादाचा गोळा व वाटी स्क्रूंच्या साहाय्यानें जखडली. १९४६ मध्यें पॅरिस येथील ज्यूडे बंधूंनीं अ‍ॅक्रिलिकचा गोळा आखूड खुंटीवर बसविला. रुग्ण कांहीं काळ वेदनेंतून मुक्त होत. परंतु पुढें गोळे झिजत, खुंट्या मोडत, आणि दुखणें परत येई.

याच अ‍ॅक्रिलिक गोळ्याच्या एका रुग्णानें इंग्लंडांतील जॉन चार्नली याचें लक्ष वेधलें. त्या गृहस्थाचा खुबा हालचाल होतांच करकरे, आणि त्या आवाजानें त्याची पत्नी बेजार होई. दुसऱ्या एखाद्यानें ही गोष्ट हंसण्यावारी नेली असती. चार्नलीनें मात्र त्या करकरण्यांत घर्षण ऐकलें, व घर्षणाचा भार शेवटीं दांडीच्या मुळावर येऊन ती सैल करतो हें ताडलें. त्यानें गोळा लहान केला आणि दांडी रोवण्यासाठीं नवा उपाय शोधला. मँचेस्टर येथील दंतवैद्यकशाळेंतील रसायनज्ञ डेनिस स्मिथ याच्या सल्ल्यानें, दंतवैद्य कवळ्यांसाठीं वापरीत असलेलें, कालवतांच कांहीं मिनिटांत कठीण होणारें अ‍ॅक्रिलिक त्यानें १९५८ मध्यें हाडाच्या पोकळींत भरलें. दुसऱ्या कोणी तें पूर्वीं वापरलें नव्हतें असें नाहीं. पण त्याचें मर्म प्रथम स्पष्ट मांडलें तें चार्नलीनें. हें सिमेंट कांहीं सरस नव्हे. तें हाडास चिकटत नाहीं. गवंडी दगडांमधील सांदी चुन्यानें भरून काढतो व त्यामुळें वरचा भार खालच्या सर्व दगडांवर सारखा वाटला जातो. त्याचप्रमाणें हें सिमेंट हाडाच्या लहानमोठ्या छिद्रांत शिरतें आणि दांडीचा भार विस्तृत पृष्ठभागावर पसरवितें.

दांडी रोवण्याचा मार्ग सांपडला. परंतु वाटीनें दगा दिला. चार्नलीनें वाटीसाठीं टेफ्लॉन निवडलें होतें. सुमारें तीनशे रुग्णांवर त्याचा प्रयोग झाल्यावर आढळून आलें कीं, तें थोड्याच वर्षांत झिजतें आणि त्याच्या कणांमुळें सभोंवतालच्या उती सुजतात. त्यानें टेफ्लॉनचा नमुना स्वतःच्याच मांडींत घालून त्याचा परिणाम पाहिला, आणि एकेका रुग्णावर पुन्हां शस्त्रक्रिया करण्याचें दुःखद कर्तव्य पत्करलें. १९६२ मध्यें पॉलिएथिलीन हाताशीं आलें आणि त्या वर्षाच्या अखेरीस नव्या वाट्या बसूं लागल्या. लँकेशायरमधील राइटिंग्टनचें रुग्णालय, जें पूर्वीं क्षयरोग्यांचें होतें, तें या विद्येचें माहेरघर बनलें. पण या प्रसंगानें एक प्रश्न मागें ठेविला: वाईट रचना वाईट आहे हें कळण्यास दरवेळीं शेंकडो माणसांनीं लंगडावें काय?

हा प्रश्न दांडीच्या बाबतींत अधिक बिकट होता. दांडी सैल होते ती हळूहळू. रुग्ण पहिलीं कांहीं वर्षें सुखानें हिंडतो. वैद्य समाधानानें मान डोलावतो. आणि आठदहा वर्षांनीं अकस्मात् वेदना उद्भवते. साधें क्ष-किरण छायाचित्र एकदोन मिलिमीटरांचा फरक खात्रीनें दाखवूं शकत नाहीं; पायाची ठेवण किंचित् बदलली तरी छायेचें माप बदलतें. तेवढ्या अवधींत तीच दांडी हजारो लोकांच्या हाडांत रोवली जाते.

१९७४ मध्यें स्वीडनमधील लुंड विद्यापीठांत योरान सेल्विक यानें आपल्या प्रबंधांत यावर तोड काढली. टँटॅलम धातूचे, मिलिमीटरभर व्यासाचे किंवा त्याहूनहि लहान मणी हाडांत व कृत्रिम सांध्याजवळ पेरावयाचे. मग दोन दिशांनीं एकाच वेळीं क्ष-किरण सोडून छायाचित्रें घ्यावयाचीं. खुणांच्या एका ठराविक पिंजऱ्याच्या आधारें गणित मांडलें कीं प्रत्येक मण्याची अवकाशांतील जागा निश्चित होते. एका डोळ्यानें पाहणारास अंतराचा अंदाज चुकतो व दोन डोळ्यांनीं पाहणारास तो साधतो, तसाच हा प्रकार. या रीतीनें मिलिमीटराच्या दहाव्या हिश्श्याएवढी हालचालहि मोजतां येऊं लागली.

मोजमाप हातीं येतांच जें दिसलें तें अनेकांस अनपेक्षित होतें. सिमेंटांत पक्की रोवलेली म्हणून समजली जाणारी दांडीहि पहिल्या महिन्यांपासूनच हलत असे! १९९४ मध्यें योहान कॅरहोल्म व त्याचे सहकारी यांनीं ८४ दांड्यांचा चार ते सात वर्षांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळलें कीं, पहिल्या दोन वर्षांत जी दांडी सुमारें १.२ मिलिमीटर किंवा अधिक खालीं सरकली, तिच्यावर पुढें पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव निम्म्याहून अधिक होता. म्हणजे दहा वर्षांनंतरचें भविष्य पहिल्या दोनच वर्षांत लिहिलेलें असतें. वाचणारा मात्र पाहिजे.

तें न वाचल्यास काय होतें, याचा दाखला त्याच सुमारास मिळाला. १९९१ च्या सुमारास ‘बोनलॉक’ नांवाचें नवें सिमेंट बाजारांत आलें. तें घट्ट होतांना कमी तापतें व त्यांतून कमी रसायन पाझरतें, असे त्याचे गुण सांगण्यांत येत. सकृद्दर्शनीं ते गुणच होते. परंतु नॉर्वेंतील शस्त्रक्रियांच्या राष्ट्रीय नोंदवहींत अल्पावधींतच सैल झालेल्या सांध्यांची संख्या वाढलेली दिसली, आणि मण्यांच्या मोजणींत पहिल्याच वर्षीं या सिमेंटांतील सांधे नेहमीच्या सिमेंटाहून अधिक सरकतांना आढळले. १९९५ मध्यें तें मागें घेण्यांत आलें. ही मोजणी विक्रीपूर्वीं झाली असती, तर मोजक्या रुग्णांच्या परीक्षेनें पुष्कळांचे क्लेश टळले असते.

येथें वाचक म्हणेल, ‘तर मग दांडी मुळींच हलूं नये, एवढाच नियम करावा!’ आमचेंहि मत प्रथम असेंच झालें असतें. परंतु इंग्लंडांतील एक्सेटर गांवच्या दांडीनें हा सोपा नियम मोडून टाकला. १९७० मध्यें शस्त्रवैद्य रॉबिन लिंग व अभियंता क्लाइव्ह ली यांनीं वरून खालीं निमुळती होत जाणारी, आरशासारखी चकचकीत दांडी तयार केली. १९७६ च्या सुमारास तिची झिलई जाऊन पृष्ठभाग खरबरीत करण्यांत आला. क्षुल्लक बदल! शिवाय खरबरीत वस्तु अधिक घट्ट धरते, हें कोणासहि पटावें. परंतु झालें उलटेंच. सैल होणाऱ्या दांड्या वाढल्या. १९८६ मध्यें झिलई परत आली, आणि त्या चकचकीत दांडीचा लौकिक आजहि टिकून आहे.

पुढें मोजून पाहतां चकचकीत दांडीहि पहिल्या दोन वर्षांत मिलिमीटर-दीड मिलिमीटर खालीं जाते असें दिसलें. म्हणजे दुसऱ्या जातीच्या दांडीस जें अंतर घातक, जवळजवळ तेवढेंच! पण ती सरकते सिमेंटाच्या आंत. सिमेंट आणि हाड यांचा सांधा जागचा ढळत नाहीं. कुऱ्हाडीच्या दांड्यांत ठोकलेली पाचर जशी प्रत्येक घावासरशी अधिक आवळली जाते, तशी ही निमुळती दांडी प्रत्येक पावलासरशी सिमेंटांत अधिक रुतते. दाबाखालीं सिमेंट अत्यंत मंद गतीनें स्वतःस तिच्याशीं जुळवून घेतें. आणि दोन वर्षांनंतर तिची गति जवळजवळ थांबते. खरबरीत दांडी थोडी सुटली कीं कानशीप्रमाणें सिमेंट खरवडते, आणि ते कण हाडास पोखरतात. एक बसते, दुसरी खचते.

तेव्हां स्थैर्य म्हणजे निश्चलता नव्हे, हा या इतिहासाचा निष्कर्ष. कोणती वस्तु, कोठें, किती आणि किती काळ हलते, हें सर्व मिळून तिचें स्थैर्य ठरतें. नुसता आंकडा मुका असतो; त्यास रचनेच्या ज्ञानाची जोड मिळाली म्हणजेच तो बोलतो. आणि उलटपक्षीं, आंकड्यावांचून केवळ रचनेच्या तर्कावर विसंबणारा, खरबरीत तें घट्ट असें मानणाऱ्यांसारखा, फसतो.

आज आपल्याकडेहि अनेक घरांतील वडीलमाणसें अशा खुब्यावर पुन्हां चालूं लागलीं आहेत. भिंतीस धरून, काठी टेकीत, पुढें काठीवांचून अंगणापर्यंत जाणाऱ्या आजीस टँटॅलमच्या मण्यांची वार्ता नसते, व असण्याचें कारणहि नाहीं. परंतु तिचें तें निर्धास्त पाऊल परक्या देशांतील कित्येक अनामिक रुग्णांच्या दुसऱ्यांदा उघडलेल्या जखमांवर उभें आहे, हें आपण जाणून असावें. त्यांचें ऋण फेडण्याचा मार्ग एकच: नवें जें जें येईल तें प्रथम थोडक्यांत, धीरानें व बारकाईनें मोजून पाहावें, आणि पाया बसला कीं खचला हें ठरल्यावरच त्यावर घर उभारावें.