प्लिमथचा पहिला हिवाळा

फेब्रुवारी 1621. तुम्ही अमेरिकेतल्या प्लिमथच्या किनाऱ्यावर उभे आहात. समुद्राच्या तुषारांनी भिजलेला तुमचा लोकरी कोट गोठून पत्र्यासारखा कडक झालाय. समोर ‘मेफ्लॉवर’ नांगर टाकून उभं आहे. त्यातून 102 प्रवासी इंग्लंडहून इथं आले. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना हा हिवाळा पार करता येणार नाही.

वस्तीच्या सामाईक घरात शिरा. वीस फूट लांब, वीस फूट रुंद. गेल्याच महिन्यात ठिणगी पडून याचं गवती छप्पर पेटलं होतं. आत बिछान्याला बिछाना लागलाय. ऐन साथीत धडधाकट उरलीत ती जेमतेम सहा-सात माणसं. तीच लाकडं आणतात, चूल पेटवतात, आजाऱ्यांचे घाण झालेले कपडे धुतात. धर्ममंडळीतले वडीलधारे विल्यम ब्रूस्टर यात आहेत आणि सैन्याची जबाबदारी असलेला माइल्स स्टँडिशही. वसाहत तगली ती या सेवेवर, असं मी मानतो.

इथंच तेरा वर्षांची एलिझाबेथ टिली आहे. आई, वडील, काका, काकू; या पहिल्या हिवाळ्यात तिचं सगळं छत्र हरपतं. आणि हा जॉन हाउलंड, गव्हर्नर कार्व्हर यांच्याकडचा नोकर. भर वादळात तो जहाजावरून समुद्रात फेकला गेला होता. पाण्यात लोंबणारा शिडाचा दोर हाती लागला, म्हणून वाचला. काही वर्षांनी या दोघांचं लग्न होईल. त्यांना दहा मुलं होतील आणि दहाही हाताशी येतील. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष याच वंशातले.

आता पायाखालची जमीन पाहा. झाडी आधीच तोडलेली, शेतं कसलेली. हे पटक्सेट गाव. 1616 ते 1619 या काळात युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीनं ते ओस पडलं. इथल्या टिस्क्वान्टमला 1614 मध्ये एका इंग्रज कप्तानानं गुलाम म्हणून विकायला स्पेनला पळवून नेलं होतं. तो परतला तेव्हा गावात कुणीच उरलं नव्हतं. थोडे दिवस थांबा, तो येईल. मक्याचं बी पेरताना खाली मासा पुरायला तोच या पाहुण्यांना शिकवेल. आणि ते बी कुठलं? केप कॉडला इथल्या लोकांनी टोपल्यांत भरून वाळूत पुरून ठेवलेलं. नोव्हेंबरात प्रवाशांनी न विचारता उचललेलं.

अमेरिकेतली असंख्य घराणी आज आपली वंशावळ या जहाजापर्यंत नेऊन भिडवतात. खुशाल न्यावी. पण त्याच पानावर पटक्सेटचं नाव लिहिलं नाही, तर तो इतिहास अर्धवट आहे. ज्यांचं हे गाव होतं ते वाम्पानोआग लोक आजही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतात, आणि त्यांच्या पिढ्या या किनाऱ्यावर ‘मेफ्लॉवर’च्या हजारो वर्षं आधीपासून नांदत आल्या आहेत.