छायाचित्रांतील लष्करी बंदुका : ओळख (ब्रिटिश हिंदी सैन्य)

जुन्या छायाचित्रातील बंदुकीची बनावट ओळखून चित्राचा काळ व पलटण यांचा अदमास बांधण्याची पद्धत. बंदुकीवरून काळाची एकच बाजू पक्की होते : ते हत्यार सैन्यात येण्यापूर्वी चित्र काढलेले नसते. नंतर कितीही वर्षांनी ते काढलेले असू शकते. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने हत्यार देण्याचे धोरण राहिले. त्यामुळे एकाच मोहिमेच्या चित्रांत दोन बनावटी सापडतात.

स्नायडर व मार्टिनी-हेन्री : जॉन बर्क यांनी दुसऱ्या अफगाण युद्धात (१८७८–८०) काढलेली छायाचित्रे या तुलनेसाठी उत्तम. गोऱ्या शिपायांकडे मार्टिनी-हेन्री, तर हिंदी शिपायांकडे बहुधा स्नायडर दिसते. स्नायडरला उजव्या अंगाला ठळक घोडा आणि लांब नळीवर तीन कड्या असतात. मार्टिनीला बाहेर घोडा नाही, कड्या दोन आणि दस्त्याच्या मानेखाली लांब दांडा.

ली-एनफील्ड : सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. जुन्या लांब ली-एनफील्डच्या नळीचे टोक लाकडाबाहेर डोकावते. १९०७ च्या शॉर्ट ली-एनफील्ड मार्क ३ चे लाकडी आवरण थेट टोकापर्यंत जाते, म्हणून तिचे नाक बोथट दिसते. डाव्या बाजूच्या लाकडावर लांब पल्ल्याच्या नेमासाठी चकती असली, तर बंदूक बहुधा १९१६ पूर्वीच्या घडणीची. त्या वर्षीच्या सोप्या नमुन्यात ती वगळली गेली. १९०७ च्या संगिनीला आरंभी आकडा होता. १९१३ पासून तो बंद झाला आणि जुन्या संगिनींचे आकडेही कापले गेले, त्यामुळे आकडा नसणे हा कसलाच पुरावा नव्हे. १९१५ मध्ये एच. डी. गर्डवुड यांनी फ्रान्समध्ये टिपलेल्या हिंदी सैनिकांच्या चित्रांतील काही लढाया मुद्दाम घडवून आणलेल्या आहेत; हत्यारे मात्र खरी.

उलटी चित्रे : बोल्टची मूठ डावीकडे दिसली तर आधी निगेटिव्हची काच उलटी छापली गेल्याचा संशय घ्यावा. अमेरिकेतील बंदूकबाज गुन्हेगार बिली द किड डावखुरा होता ही आख्यायिका अशाच उलट्या चित्रातून रुजली. त्यातील विंचेस्टरचे गोळ्या भरण्याचे दार डावीकडे दिसते. प्रत्यक्षात ते उजवीकडे असते. तरीही १९५८ मध्ये त्याच्यावर ‘द लेफ्ट हँडेड गन’ नावाचा चित्रपट निघाला.

पिस्तुले : बहुधा चामडी म्यानात झाकलेली.

काडतुसे : .३०३ च्या मार्क ६ गोळीचे टोक गोल, १९१० च्या मार्क ७ चे अणकुचीदार. उघड्या क्लिपमध्ये हा फरक दिसतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा (स्थापना १८६९) छाप काडतुसाच्या बुडावर असतो. छायाचित्रात तो वाचण्याइतका स्पष्ट क्वचितच उमटतो.