न्यू साउथ वेल्समधील नागरी नोंदणीपूर्व जन्मशोध

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीत १ मार्च १८५६ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंदणी सुरू झाली. १७८८ मधील स्थापनेपासून तोवरच्या जन्मांचा माग मुख्यतः चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांतून काढावा लागतो.

बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे. दूरच्या वस्त्यांत पाद्री क्वचितच पोहोचत. त्यामुळे कधी अनेक भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी होई. कॅथलिक पंथाचे अधिकृत धर्मगुरू १८२० मध्ये आले. त्यापूर्वीच्या कॅथलिक मुलांच्या नोंदी अँग्लिकन वह्यांतही सापडतात. नावांचे स्पेलिंग लेखनिकागणिक बदलत असल्याने उच्चारसाम्य असलेली सर्व रूपे तपासावी लागतात.

बाप्तिस्म्याची नोंद नसल्यास इतर कागदपत्रे उपयोगी पडतात. १८२८ च्या जनगणनेत वय, धर्म आणि आगमनाचे जहाज व वर्ष, किंवा वसाहतीतच जन्म झाल्याचा उल्लेख आहे. वसाहतीत कैदी आणणाऱ्या जहाजांच्या याद्या आई-वडिलांपर्यंत नेतात. १८५६ नंतरच्या मृत्यूदाखल्यांत जन्मस्थळ व पालकांची नावे येतात. मात्र ती माहिती मृत व्यक्तीने नव्हे, तर इतरांनी दिलेली असल्याने पडताळावी लागते.

या साधनांची सर्वांत मोठी उणीव मूलनिवासींबाबत आहे. त्यांच्या बहुसंख्य जन्मांची नोंदच झाली नाही. म्हणून त्यांच्या वंशजांसाठी कुटुंबात जपलेल्या मौखिक परंपरेला कागदाइतकेच मोल आहे.